पिवळ्या सोंगट्या महिपतभाऊंकडे

॥ श्री ॥

रत्नागिरी
११ नोव्हेंबर २०२४

चि. श्याम यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकीट बघून चमकशील. फोन असताना आईला पत्राचं खूळ कुठून लागलं? फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि घरच्या ग्रुपवर काही लिहिलं की सगळे अंगठा दाखवून मोकळे होतात. कागदाला मधेच तोडता येत नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच.

दिवाळीला आलात, घर भरलं, बरं वाटलं. मी आणि ऋजुता एक दिवस पावसला काय गेलो, तेवढ्यात तू माझं कपाट आवरायला घेतलंस. तुझा अनिश मोबाइलला चिकटल्यावर त्याने टाकलेले सगळे खेळ मी पुण्याहून उचलून आणले, आणि आम्ही इथले चौघं ते दर रविवारी खेळतो, हे तुला ठाऊक होतं. बिस्किटांचे डबे, काजूच्या बरण्या, लग्नपत्रिकांची रिकामी खोकी, सगळं तू बाहेर काढलंस. बाजारातून खणाखणांचं प्लास्टिकचं कपाट आणलंस, एकेका खेळाला एकेक खण दिलास, वर छापील चिठ्ठ्या. दिसतं छान, खोटं कशाला बोलू? औषधांच्या दुकानासारखं दिसतं.

पण पुढे तू जे केलंस ते तू गेल्यावर मला कळलं. सोंगट्या मोजल्यास, कमी भरल्या, आणि त्या गोळा करायला तू लोकांच्या घरी गेलास! खाली सावित्रीवहिनींकडे, मागच्या गल्लीत दर्शनाकडे, आणि थेट मिरकरवाड्यात महिपतभाऊंकडे. आई हल्ली विसरते, तिच्या वस्तू तुमच्याकडे राहिल्या आहेत, तेवढ्या द्या, असं तू त्यांच्या दारात उभं राहून सांगितलंस. आत सून होती, नातवंडं होती. जन्मभर ट्रॉलरवर तांडेल म्हणून ज्यांनी दहा-दहा माणसं सांभाळली, त्यांनी निमूट डबा आणून तुझ्या हातात दिला.

अरे, त्या राहिल्या नव्हत्या, मी दिल्या होत्या. सगळ्या खेळांतलं पिवळं महिपतभाऊंकडे, हिरवं सावित्रीवहिनींकडे, लाल दर्शनाकडे, निळं माझ्याकडे. फासे आणि पत्तेही माझ्याकडे, कारण आपल्या दमट हवेत पत्ते पापडासारखे वाकतात आणि त्यांना पावडर लावून, वजनाखाली ठेवून जपण्याची चिकाटी बाकी कोणाला नाही. तुझे बाबा भजनाला जायचे तेव्हा टाळ मंडळाचे असत, पण आपापला जोड ज्याने त्याने घरी न्यायचा, अशी रीत होती. टाळ घरात असला की माणूस बुट्टी मारत नाही. तीच रीत मी उचलली. एक जण आला नाही तर एक रंग येत नाही, आणि खेळ अडतो. म्हणून सगळे येतात, नाहीतर कळवतात.

काल रविवार होता. चहाचं आधण ठेवलं, शंकरपाळ्यांचा डबा काढला. कोणी आलं नाही. तुझं कपाट मी आजपासून मोडायला घेतलं आहे.

माझ्या पत्त्यावर नावापुढे गं. भा. लिहू नकोस. पोस्टमनला नुसतं पद्मजा पुरतं. ऋजुताला आणि अनिशला आशीर्वाद. तुझ्यावर लोभ आहेच, सध्या त्यावर राग बसला आहे एवढंच.

तुझी
आई

*

॥ श्री ॥

पुणे
१९ नोव्हेंबर २०२४

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मी कोणालाही चोर म्हटलेलं नाही. आईच्या वस्तू द्या म्हणालो, त्यांनी दिल्या, मी आभार मानले. तुझी ती रीत मला कशी कळावी? तू एका शब्दाने बोलली नव्हतीस.

आता मला काय दिसलं ते ऐक. खोक्यावर एका खेळाचं नाव, आत तिसऱ्याच खेळाचे पत्ते. निम्म्या सोंगट्या बेपत्ता. आणि सोमवार ते रविवार असे सात कप्पे असलेला जो डबा मी तुला रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी आणून दिला, त्यात गोळ्यांच्या जागी लाकडी मणी! मी घाबरलो, आई. तू गोळ्या घेतेस की नाही, हेच मला कळेना. त्या भरात मी सगळं आवरत सुटलो. ताप देणं हा हेतू नव्हता.

दिवाळीत बोलायचं राहून गेलं, ते आता लिहितो. तू तिथे एकटी असतेस. पडलीस, शुद्ध हरपली, तर कोणाला कळणार? आपला तिथला फ्लॅट भाड्याने घ्यायला बँकेतले एक गृहस्थ तयार आहेत, जानेवारीपासून. तू इकडे ये. तुला स्वतंत्र खोली आहे. सोसायटीत ज्येष्ठांचा कट्टा आहे, रोज संध्याकाळी भरतो. खेळही आण, फक्त सगळं एका जागी ठेवू.

हट्ट करू नकोस. रागावलीस तरी आशीर्वादाचा हात काढून घेऊ नकोस.

तुझा
श्याम

*

॥ श्री ॥

रत्नागिरी
२७ नोव्हेंबर २०२४

चि. श्याम यास,
अनेक आशीर्वाद.

आधी गोळ्यांचं. गोळ्या फ्रिजच्या दारात, पाकिटात आहेत आणि रोज नाश्त्यानंतर पोटात जातात. आमच्या मसाल्यांच्या व्यापाराच्या खेळात सात मसाले आहेत आणि तुझ्या डब्यात सात कप्पे. सोमवारात मिरी, मंगळवारात लवंग, बुधवारात जायफळ. एवढा सोयीचा डबा मी एका गोळीसाठी अडवून ठेवू?

खोक्यावरच्या नावांचं म्हणशील, तर मोठं खोकं मोठ्या पत्त्यांना आणि लहान लहानांना. सावित्रीवहिनींच्या मोतीबिंदूमुळे मोठी अक्षरं ज्यांवर आहेत ते पत्ते वरच्या थरात. या घरात काय कुठे आहे ते मी डोळे मिटून सांगेन. तुझ्या छापील चिठ्ठ्यांनंतर मात्र मला फासे शोधायला अख्खी सकाळ लागली.

सगळ्यांचे डबे परत भरले आणि घरोघर गेले. सावित्रीवहिनींनी डबा घेतला, वर मलाच वाटीभर सांदण दिलं. दर्शना शिलाई मशीनवरून उठली नाही, पण डबा मांडीवर ठेवून घेतला आणि मुलगा असा कसा वाढवलात म्हणून मला सुनावलं. ऐकून घेतलं. महिपतभाऊंनी बसवलं, चहा दिला, होडीच्या, मासळीच्या गोष्टी केल्या, पण डब्याला हात लावला नाही. जे पोराने दारातून नेलं ते पोराच्याच हाताने दारात यायला हवं, असं त्यांचं म्हणणं. मला ते रास्त वाटतं. तेव्हा तू ये आणि दे. कुरिअरने पाठवायचा विचारही करू नकोस. पिवळा डबा माझ्या कपाटात तुझी वाट बघतो आहे, आणि आम्ही तिघी लंगडा खेळ खेळतो आहोत.

आता तुझा मोठा प्रश्न, पडले तर कळणार कोणाला. गेल्या पावसाळ्यात मी तुझ्याकडे महिनाभर होते. एका सकाळी तुम्ही कामावर गेलात, अनिश कॉलेजला, आणि मी न्हाणीघरात घसरले. उठता येईना. भिंतीला धरून उभी राहिले तेव्हा दुपार टळली होती. संध्याकाळी तुम्ही दमून आलात, मी पोळ्या करून ठेवल्या होत्या, कोणालाही कळलं नाही. सांगितलं नाही, कारण सांगून तुम्ही काय करणार होतात? पण त्या फरशीवर बसून मला फार एकटं वाटलं, श्याम. इतकं मला रत्नागिरीत तुझे बाबा गेल्यावरही वाटलं नव्हतं.

बँकेतल्या गृहस्थांना दुसरं घर बघायला सांग. कागदावर नाव माझं आहे. मी येणार नाही. जानेवारीतही नाही आणि नंतरही नाही.

पत्र लांबलं. माया कमी नाही, तशी माघारही नाही.

तुझी
आई

*

॥ श्री ॥

पुणे
१० डिसेंबर २०२४

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र यांना न विचारता लिहिते आहे. तुमचं पत्र यांनी वाचलं आणि जेवायला बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात घालायला रबरी चटई घेऊन आले.

मला मात्र तुमच्यावर राग आला आहे, आई. पडलात आणि त्या हातांनी आमच्यासाठी पोळ्या केल्यात? मी त्या खाल्ल्या, वर मऊ झाल्यात म्हणाले. निदान मला तरी सांगायचंत.

बँकेतल्या साहेबांना मी फोन करून नाही म्हणून टाकलं. हे चिडले. मी म्हटलं, ज्यांचं घर त्या नको म्हणतात, मग आपण देणारे कोण? महिपतभाऊंकडे जायचं यांच्या जिवावर आलं आहे. वयाच्या पन्नाशीत मान खाली घालून उभं राहायचं अवघड जातं आहे. नाताळच्या सुट्टीत बघू म्हणतात. मी पाठपुरावा करते आहे, तुम्ही जागच्या हलू नका.

तब्येतीला जपा. मला धाकात ठेवा, पण अशी लपवाछपवी पुन्हा नको.

तुमची
ऋजुता

*

॥ श्री ॥

रत्नागिरी
१९ डिसेंबर २०२४

चि. श्याम आणि चि. सौ. ऋजुता यांस,
अनेक आशीर्वाद.

ऋजुता, तुझा राग पोचला आणि गोड लागला. लपवायचं नाही म्हणालीस, म्हणून सगळं सांगते. दोघांनी मिळून वाचा, आणि वाचून झाल्याशिवाय गाडी काढू नका.

शनिवारी रात्री मला ताप भरला. रविवारी दुपारी उठायला गेले तर पायांवर उभं राहता येईना. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. पलंगावर पडून मी नुसती छताकडे बघत होते. खोटी फुशारकी मारत नाही, घाबरले होते.

चार वाजता सावित्रीवहिनी आणि दर्शना आपापले डबे घेऊन आल्या. बेल वाजवली, फोन केला. आतून घंटी ऐकू येते आणि मी उचलत नाही. फासे आणि पत्ते माझ्याकडे, म्हणजे रविवारी मी घर सोडून जाणं शक्य नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. गावाला गेली असेल, झोपली असेल, असं म्हणून कोणी परत फिरलं नाही. दर्शनाने महिपतभाऊंना फोन लावला. आमचं येणं-जाणं बंद असताना तो माणूस रिक्षा करून, पहार घेऊन आला आणि दाराची आतली कडी उचकटून काढली.

डॉक्टरांना आणलं, त्यांनी सुई टोचली. वहिनींनी पेज केली, दर्शनाने अंग पुसलं. महिपतभाऊ खुर्ची ओढून पलंगाशी बसले. ताप वायच उतरल्यावर त्यांनी दर्शनाला कपाटातला पिवळा डबा काढायला सांगितला. त्यांचं म्हणणं, राग श्यामवर आहे, खेळावर नाही, आणि श्यामवरचा राग श्याम आला की त्याच्यावरच काढायचा आहे. तेव्हा तुझी सुटका झाली असं समजू नकोस.

तुला फोन करायचा असं तिघांचंही मत पडलं. मीच करू दिला नाही. तू रातोरात आला असतास आणि मला गाडीत घालून घेऊन गेला असतास. मी बरी झाले आहे, काल बाजारात जाऊन आले. माझ्या तापाची बातमी तुला आज या पत्रातून कळते आहे. त्यांना ती माझ्या दारातच कळली. कोणाला कळणार, असं तू विचारलं होतंस ना? आता पुन्हा विचारू नकोस.

त्या संध्याकाळी पलंगावर पाट ठेवून त्यावर चौघं खेळलो. मी उशीला टेकून फासे टाकले आणि सपशेल हरले. आजारी माणसाला कोणी एक डाव सोडेल तर शपथ.

नाताळला या. मिरकरवाड्याला तू एकटा जाशील, ऋजुता बरोबर येणार नाही. दाराला सध्या सुतळी बांधली आहे, येताना चांगली जाड कुलपाची कडी घेऊन ये आणि तूच बसव. बाहेरून उघडता येईल अशी आण, चार किल्ल्यांची. एक मला, तीन त्यांना. तुला पाचवी हवी असेल तर मागून घे.

दोघांवर माझा जीव आहे. तो इथूनच राहील.

तुमची
आई