एकोणीस वर्षं आणि दोन मोसम

माजरी, रविवार

प्रिय अयूबभाई यांस,

बापूरावचा जय भीम आणि सलाम. गुडघे कसे आहेत? (माझे चेंडू झेलायला वर्षानुवर्षं उकिडवे बसून गेले ते, याची मला जाणीव आहे.) शकिलाभाभींची तब्येत आता बरी असेल. आम्ही इथे ठीक. अक्षर वाकडं आलं आहे, समजून घ्या. थंडी फार आहे.

आपल्या बेसबॉल क्लबला पंचवीस वर्षं झाली. त्यानिमित्त सामना आहे, आणि पहिला चेंडू क्लबच्या आजवरच्या सर्वांत मोठ्या पिचरने टाकायचा असं ठरलं. मला वाटलं, यात शोधायचं काय? एकोणीस वर्षं मी फेकलं. उन्हात, कोळशाच्या धुळीत, खांद्याला बाम चोळून फेकलं. मी नवा सदराही शिवून घेतला.

पण आपला अध्यक्ष विक्की बँकेत नोकरीला, त्याला माणसापेक्षा आकडा खरा वाटतो. म्हणे पिचर दोन तराजूंत तोलतात, एकात पूर्ण कारकीर्द आणि दुसऱ्यात त्याचे ऐन भराचे मोसम. माझी कारकीर्द एकशे अठ्ठेचाळीस सामन्यांची, पैकी साठ जिंकले. (बाकीचे हरलो, पण हरायलाही मैदानावर यावं लागतं.) नऊ डावांमागे माझ्यावर साडेपाच धावा निघाल्या, भरात होतो तेव्हा सव्वाचार. मग त्याने दुसरं नाव वाचलं. मोसम दोनच, सामने तेवीस, विजय एकवीस, आणि नऊ डावांमागे पुरती एक धावही नाही. ते नाव माझ्या बायकोचं. नूतन लग्नाआधी आपल्या महिला संघात फेकायची, हे तुम्हाला आठवत असेल. मला आठवायची गरज पडली नव्हती.

मी रोज विहारात वंदनेला बसणारा माणूस. आलेलं जातं हे जाणतो. म्हणून मी समितीला शांतपणे सांगितलं (शांतपणे, पण उभं राहून) की भर हा अनित्य असतो, टिकतो तोच मोठा. त्यावर आपल्या खजिनदार, धानोऱ्याच्या बायनाबाई, सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, "भाऊ, मोहफूल वर्षातून पंधरा-वीस दिवसच टपकते. म्हून मोहाले कोनी झाड म्हनत नाई का?" सगळे हसले. बेसबॉलमध्ये मोहाचं झाड कुठून आलं, हे एकानेही विचारलं नाही.

घरी येऊन मी नूतनपुढे सगळं मांडलं. वाटलं, ती आपणहून माघार घेईल. ती लाखोळीची भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी दोनच वर्षं फेकली, खरं हाय. मंग तुमी एकोणीस वर्षं फेकून राह्यले होते, तवा घरी पोरं कोन पाहे? तेबी मांड म्हना विक्कीले."

याचा रकाना विक्कीकडे नाही. माझ्याकडेही नाही, आणि मला खरा राग त्याचाच आला.

शेवटी समितीत हात वर झाले आणि नूतन एका मताने जिंकली. फक्त एका मताने, अयूबभाई! सदरा पेटीत ठेवला आहे.

आपला,
बापूराव

ता. क. तुमचा जुना कॅचरचा हातमोजा आणि छातीचं कवच चंद्रपूरच्या बसने पाठवा. तो पहिला चेंडू मीच झेलायचा, अशी नूतनची अट आहे.

आणखी एक. थंडीचं खोटं लिहिलं. मतदानाच्या दिवशी सकाळी मी नूतनला म्हणालो, आता तो भर राहिला कुठे, एक चेंडू टाकून दाखव. तिने हात धुतले, पदर खोचला आणि बोअरिंगजवळून टाकला. मी उघड्या हातांनी झेलला. उजव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत.

आणि शेवटचं. मतं बरोबरीत अडकली होती, निर्णायक मत सचिवाचं, म्हणजे माझं. मी हात वर केला, तर सुजलेलाच वर गेला. समितीने तोंड बंद ठेवायचं कबूल केलं आहे, बायनाबाईंनीही, म्हणजे दोन दिवस. तुम्ही तरी नूतनला सांगू नका. मी अजून रागावलेला आहे असं तिला वाटतं. आणि आहेच मी.