क्लबातल्या दिव्यांबद्दल तक्रार

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

संताप. नुसता संताप. दुपारच्या टँगोला क्लबात गेलो आणि सात वाजेपर्यंत खुर्चीवर बसून सोडा पीत राहिलो. एकही बाई उठली नाही.

दोष दिव्यांचा. पुरुष एका भिंतीला, बायका समोरच्या भिंतीला. नाचायला बोलवायचं ते नजरेनं. आपण बघायचं, तिनं बघायचं, दोघांनी मान हलवायची, मग आपण उठायचं. तोंडानं विचारणारा रानटी. पण आमच्या मॅनेजरनं, त्या अमिल्कारनं, दिवे इतके मंद केलेत की समोर नुसते रंगीत ठिपके. डेल्मिरा हिरव्या ड्रेसवरून ओळखू आली. अकरा वर्षं पहिला फेरा, म्हणजे पहिली चार गाणी, ती माझ्याबरोबर नाचायची. ऑगस्टपासून बंद. बिचारीला मी दिसतच नसणार!

अमिल्कारला म्हटलं, दिवे वाढव. तर म्हणतो, दिवे तेच आहेत रे, तू चष्मा लाव. उद्धट माणूस. चष्मा आहे माझ्या खिशात. पण टँगो गालाला गाल लावून नाचतात. काडी बाईच्या कानशिलात घुसते. हे मॅनेजरला कोण सांगणार?

निश्चय: मंगळवारी, कार्निवलच्या दिवशी, पहिला फेरा डेल्मिराबरोबर. काय वाट्टेल ते होवो.

शनिवार, १० फेब्रुवारी

धाकटी बहीण आयदे पार उत्तरेकडच्या साल्टाहून आली. सुट्टीचे चार दिवस. तिला टँगोचा इतिहास, संगीत, नाच, सगळं हवंय. अख्ख्या ब्युनोस आयर्समध्ये माझ्याहून चांगला माणूस तिला मिळाला नसता. तसं मी तिला सांगितलंही.

डबाभर एम्पनाडा, त्या खिमा भरलेल्या करंज्या, घेऊन आलीय. म्हणाली, तुमच्या इथले म्हणजे पिठाचे गोळे. आल्या आल्या! प्रवासाचा शीण म्हणून सोडून दिलं. पाच खाल्ले.

रविवार, ११ फेब्रुवारी

टँगोचं म्युझियम. एका जुन्या घरात आहे, घरमालकानं दान दिलेलं. मधल्या खोलीत मोठा फोटो: खुर्चीत बसलेला गृहस्थ, मांडीवर बँडोनियन, टँगोचा तो भात्याचा बाजा. त्यावर मी बोललो. भाता कसा उघडतो, उसासा कसा निघतो, बोटं कुठे दाबायची. माणसं जमली. एका बाईनं तर डोळे पुसले.

आयदेनं सगळं संपेपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाली, "म्हाताऱ्या, तो कुत्रा आहे."

खाली लिहिलं होतं म्हणे: घराचे मालक, दंतवैद्य, आपल्या कुत्र्यासह. टँगोच्या म्युझियममध्ये कुत्र्याचा फोटो लावतातच कसा? लावायचा तर अक्षरं मोठी नकोत? तक्रार करणार. लेखी.

बाई रडली हे मात्र खरं.

सोमवार, १२ फेब्रुवारी

सकाळी संगीत. रेडिओवर दोन सूर ऐकून मी सांगितलं, हे चाळीसच्या दशकातलं. पुढे जाहिरात निघाली, शाम्पूची. हल्ली काहीही वाजवतात.

दुपारी स्वयंपाकघरात नाच. आयदेला हातात धरलं आणि सांगत गेलो: पाय मागे, घाई नको, मान वर, खांदा सैल, अगं सैल म्हणजे सैल. डेल्मिरालाही मी हेच सांगत आलो, नाचता नाचता, कानात. अकरा वर्षं फुकट शिकवणी! आयदेनं एका गाण्यात हात सोडला. म्हणाली, मी नाचतेय की परीक्षा देतेय? आणि भांडी घासायला गेली. भांडी इतकी आपटली की एक कप फुटला. माझा.

हिच्यात टँगो नाहीच. साल्टाकडच्यांना ते हातरुमाल उडवायचे नाच बरे. उद्या क्लबात बसेल पिशव्या सांभाळत. नजरेचे नियम वगैरे सांगितले नाहीत. तिला कोण विचारतंय?

मंगळवार, १३ फेब्रुवारी

सगळ्यांनी विचारलं. सगळ्यांनी!

ही बया साल्टाची. तिकडे ओळखीचा असो नसो, मान हलवून रामराम करतात. समोरच्या भिंतीला बसली आणि दिसेल त्या पुरुषाकडे बघून आपली मान हलवत होती म्हणे. एक उठला, मग दुसरा. अमिल्कारसुद्धा गेला. हिला वाटलं, शहरातली माणसं किती अगत्यशील! तीन पावलं येतात, तेवढ्यावर पाच फेरे नाचली, आणि हसत होती.

मी खुर्चीत. पहिला फेरा गेला, दुसरा गेला. हिरव्या ठिपक्याकडे बघून मान दुखली.

मग आयदे घामाघूम होऊन माझ्याकडे आली. म्हणाली, कुणाकडे बघतोयस, तिथे पडदा आहे. खिशातून चष्मा ओढला आणि माझ्या नाकावर चढवला.

दिसलं. डेल्मिरा पडद्याशेजारी होती, निळ्या ड्रेसमध्ये. मी बघितलं. तिनं मला बघताना बघितलं. आणि हातातला पंखा उघडून तोंड फिरवलं. तिच्या शेजारणीनं पर्स उघडली. पलीकडची बुटाचा पट्टा बघू लागली. भिंतभर एकेक मान वळत गेली.

मी उठून सरळ तिच्या टेबलाशी गेलो. हो, मी. तोंडानं विचारलं, का?

डेल्मिरा शांतपणे म्हणाली, "रोहेलिओ, ऑगस्टमध्ये माझी आई गेली. त्या आठवड्यात मी इथे आले ते कुणाला तरी धरून दोन गाणी नाचावं म्हणून. पहिल्याच गाण्यात तू म्हणालास, खांदा सैल सोड."

खांदा ताठच होता तिचा. मला काय माहीत? सांगायचं ना! सगळ्या क्लबानं मला सांगायला नको होतं? घरी येताना मी आयदेवर ओरडलो. तिनं बूट काढून हातात घेतले आणि पुढे चालू लागली. त्याचा जास्त राग आला.

बुधवार, १४ फेब्रुवारी

आयदेला बसवर सोडलं. खिडकीतून म्हणाली, चष्मा लाव आणि तोंड बंद ठेव. मी म्हटलं, तुझे एम्पनाडा खारट होते.

चष्म्यानं डोकं दुखतं. नंबर चुकलाय. ड्रॉवरमध्ये ठेवला.

संध्याकाळी अमिल्कारला फोन केला. म्हटलं, दिवे आहेत तसेच राहू देत.