खोडरबरांचा डबा

शिरवणे, डिसेंबर १९८६

आदरणीय व्हेरेना बाई,

तुमचं पत्र मिळालं. बर्नला तुमच्या आयुष्यभराच्या चित्रांचं प्रदर्शन भरतंय. त्यात एका तरी विद्यार्थिनीचं चित्र हवं, म्हणून शाळेच्या व्हरांड्यातून दिसणारं मिठागर मी काढून पाठवावं, असा तुमचा हट्ट.

हट्टी तर तुम्ही होतातच. स्वित्झर्लंडहून आमच्या शाळेत चित्रकला शिकवायला आलात आणि पहिल्याच दिवशी वर्गातले सगळे खोडरबर डब्यात बंद केलेत. "चुकलेली रेघ राहू दे, गोजरा. शेजारी बरोबर काढ." आता चित्रकलेच्या तासाला मीही पोरांना तेच सांगते. पोरं वैतागतात.

रविवारी व्हरांड्यात जाऊन बसले. मिठागर कधीच बुजवलं, बाई. तिथं इमारती झाल्यात. हे तुम्हाला कळवायचं मी टाळत आले. आई म्हणाली, "व्हता तसाच काढ. म्हातारीला कशाला तरास?" म्हणून आठवून आठवून मिठाच्या राशी काढल्या. पण समोर दिसतं तेच काढायचं, हेही तुम्हीच शिकवलंत. राहवेना, तेव्हा त्याच कागदावर इमारती काढल्या. त्यात तिसऱ्या मजल्यावर आमची खिडकी आहे. घरात नळ आहे, आई खूश आहे. ती खिडकीही काढली.

खोडलं काहीच नाही. राशींच्या रेघा आहेत, इमारतींच्याही आहेत.

तरी पाठवायचं धाडस होत नाही. तुम्ही कागद हातात घ्याल आणि विचाराल, गोजरा, यातली चुकलेली रेघ कोणती?

तुमची,
गोजरा