गेटच्या आत सर

सोमवार, १२ तारीख
सभागृह, पहिली रांग, अगदी मधली खुर्ची

प्रिय फरार,

सप्रेम नमस्कार. तू बरा असशील, तुझा पूल बरा असेल, दोघंही अजून अर्धेच असाल. इकडे मी ठीक, बाबा ठीक, गॅलरीतल्या कुंड्या ठीक.

फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतोस आणि मागे ते काँक्रीटचं मशीन घरघरत असतं. म्हणून पत्र. पत्रात तरी तुला मधेच 'ठेवू का आता' म्हणता येत नाही.

आज वेलवर्गीय पिकांची आंतरराष्ट्रीय परिषद सुरू झाली. काकडी, दुधी, कारलं, भोपळा, कलिंगड यांच्यावर आयुष्य काढलेली शेकडो माणसं एका छताखाली. तुझ्यासाठी नरकच. प्रत्येकाला एक हिरवी पिशवी दिलीय, तिच्यावर एक भोपळा दात काढून हसतोय. चहाच्या वेळी दोन म्हातारे शास्त्रज्ञ पडवळ वाकडं का होतं यावरून असे जुंपले की एकाच्या गळ्यातला बिल्ला तुटून कपात पडला. त्याने तो काढला, झटकला, परत घातला आणि भांडण पुढे चालू.

माझं पोस्टरही आहे, बरं का. रानटी कडू काकडीवरचं, माझं एकटीचं. कॉरिडॉरमध्ये, खांबामागे. आपण पोस्टरपाशी उभं राहायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारायचं, अशी पद्धत असते. माझं पोस्टर सकाळपासून एकटंच उभं आहे. मी इथे बसलेय, दोन्ही बाजूंना गुडघ्यांच्या रांगा. उठायचं तर पंधरा-वीस माणसांना उठवावं लागेल. आणि सरांना मी समोर दिसले पाहिजे.

(टाळ्या. मीही वाजवल्या. कशासाठी ते माहीत नाही.)

आमची पद्धत तुला आठवत असेल. सकाळी गाडीत ते बाबा. संस्थेच्या गेटवर वॉचमनने सलाम ठोकला की सर. संध्याकाळी उलटं. घरात ऑफिस नाही, ऑफिसात घर नाही, असं त्यांनी मी सून म्हणून आले त्या पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. तू हसला होतास. म्हणालास, 'दोन नोकऱ्या आणि साहेब एकच, तुझी मजा आहे.' मग वर्षभरात तू तुझी बदली मागून घेतलीस. माझी कुठून मागायची, ते मात्र सांगितलं नाहीस.

आज उद्घाटनाचं भाषण त्यांचंच होतं. स्लाइड बदलायचं बटण माझ्या हातात. हल्ली तसंच करतो आम्ही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं की मी पुढची स्लाइड लावायची. छान बोलले. मधे एकदा थांबले. म्हणाले, 'आणि मग आपलं हे... हे आपलं... मोठं, आतून लाल.' सभागृह खो खो हसलं. तीस वर्षं कलिंगडावर काम केलेला माणूस कलिंगडाला 'आतून लाल' म्हणतोय, याच्याइतका झकास विनोद काय असणार. मी पटकन कलिंगडाचा फोटो लावला. ते म्हणाले, 'हां, हेच.' पुन्हा हशा.

सर फॉर्मात होते, असं सगळे म्हणतायत.

चहाची सुट्टी झाली. पत्र टाकते. जेवत जा वेळेवर.

तुझी
मी


बुधवार, १४ तारीख
रोपवाटिकेमागची पायरी

प्रिय फरार,

परवाचं पत्र तुला अजून मिळालंही नसेल. तरी दुसरं. इथे कुणाशी बोलायचं तर एकतर सगळे भोपळेवाले, नाहीतर सगळे सरांचे विद्यार्थी.

आज एक गंमत झाली. गंमत म्हणूनच सांगते, तू गंमत म्हणूनच वाच.

दुपारी कलमाचं प्रात्यक्षिक होतं. तुला लहानपणी सुट्टीत जबरदस्तीने करायला लावायचे ते. विसरला असशील म्हणून सांगते. कलिंगडाचं मूळ नाजूक, जमिनीतल्या रोगाने मरतं. दुधीचं मूळ दणकट. म्हणून दोघांची रोपं शेजारी वाढवायची, दोघांच्या देठांना काप द्यायचा, काप एकमेकांत अडकवून क्लिप लावायची. जीव जुळला की दुधीचा वरचा शेंडा उडवायचा आणि कलिंगडाचं खालचं मूळ कापायचं. खाली दुधी, वर कलिंगड. हे सरांनी इतक्या लोकांना शिकवलंय की निम्म्या परिषदेचे हात त्यांनी धरलेले असतील.

जुळलेलं एक रोप त्यांनी हातात घेतलं. सगळे टेबलाभोवती. संचालकबाई फोन उंच धरून शूटिंग करतायत. सरांनी ब्लेडची पाती घेतली आणि दुधीचं मूळ कापलं.

कलिंगडाचं नाही. दुधीचं.

म्हणजे कलिंगड पुन्हा आपल्या त्याच नाजूक पायावर आणि दुधीचा बिनमुळाचा तुकडा बाजूला लोंबतोय. सगळी मेहनत पाण्यात. सर इतके मोठे की चूक आपल्याच डोळ्यांत असणार असं प्रत्येकाला वाटलं. मागचा एकजण वहीत लिहून घेत होता. दुसऱ्याने विचारलं, 'सर, ही नवीन पद्धत आहे का?' सरांनी रोपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेचं काय वर्णन करू. अनोळखी स्टेशनवर उतरलेल्या माणसाची असते तशी.

माझं तोंड माझ्या आधी बोललं. 'सरांनी आधी मुद्दाम चूक करून दाखवलीय. बहुतेक लोक नेमकं इथेच चुकतात. बरोबर कसं ते आता बघा.' आणि मी त्यांचा हात धरून पुढचं रोप दिलं, बोट कलिंगडाच्या देठावर टेकवून. ते त्यांनी लोण्यासारखं कापलं.

टाळ्या काय पडल्या म्हणून सांगू. असा शिक्षक होणे नाही वगैरे. संचालकबाई तर हरखल्याच. म्हणाल्या, 'शुक्रवारी समारोपाला हेच हवं. आधी चूक, मग बरोबर. मोठ्या पडद्यावर दाखवू.' मी म्हटलं, 'बाई, सर थकलेत.' तर म्हणाल्या, 'थकतात कसले, तू उगाच त्यांना काचेच्या भांड्यासारखं जपतेस.'

थकलेत, एवढंच. ऊन आहे, पाहुणे आहेत, या वयात होतं असं.

एक बाई मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या कुठल्याशा बियाणं बँकेच्या प्रमुख आहेत, जगभरचे रानटी वेल जपून ठेवतात. नंतर नळावर हात धुताना शेजारी आल्या. म्हणाल्या, 'खांबामागचं पोस्टर तुझं ना? दोनदा येऊन गेले. तू नव्हतीस.'

मी म्हटलं, 'सरांबरोबर होते.'

'ते दिसलं. किती दिवस बोलतेयस त्यांच्या वतीने?'

मी नळ जोरात सोडला. पाण्याच्या आवाजात माणसाला ऐकू आलं नाही असं करता येतं. पण त्यांनी पाणी बंद होईपर्यंत वाट पाहिली. मग पोस्टरबद्दलच बोलल्या. काय बोलल्या ते पुढच्या पत्रात. मोठं काही नाही.

आत बोलावतायत. पाती ठेवलेला डबा माझ्याकडेच आहे. तो मी आता कुणाकडे देत नाही.

तुझी
मी


शुक्रवार, १६ तारीख
स्वयंपाकघराचा ओटा

प्रिय,

आज फरार नाही म्हणत.

बाबा आत झोपलेत. पहिल्या पत्रात तुला 'बाबा ठीक' लिहिलं, दुसऱ्यात 'थकलेत, एवढंच'. ते खोटं आहे. तू ओळखलं असशील किंवा नसशीलही, 'हं' म्हणून पुढे गेला असशील.

ते विसरतात. चष्मा विसरण्यासारखं नव्हे. गेल्या हिवाळ्यात भाजीवाल्याला घरचा पत्ता विचारत होते. मग एकदा पहाटे संस्थेच्या जुन्या लागवडीच्या प्लॉटवर सापडले. तिथे आता पार्किंग आहे. दोन गाड्यांच्या मधे उकिडवे बसून फुलं शोधत होते. तेव्हापासून मी दाराला आतून कुलूप घालते आणि किल्ली माझ्या उशाखाली ठेवते. म्हणजे तेही आत, मीही आत. डॉक्टरकडे मीच नेलं. गोळ्या मीच देते. त्यांचे कागद मी लिहिते, मेलला उत्तरं मी देते, त्यांच्यासारखी दोन चुकीची विरामचिन्हंसुद्धा टाकते, कुणाला संशय येऊ नये म्हणून. संस्थेत कुणालाही माहीत नाही.

आणि तुला सांगायचं नाही असं वचन त्यांनी घेतलंय. एका सकाळी अगदी स्वच्छ होते, जुन्यासारखे. म्हणाले, 'त्याला कळवू नकोस. तो म्हणेल म्हाताऱ्याने बोलवायला नवीन नाटक काढलं.' त्या वेळी छातीत दुखतंय म्हणून तुला बोलावून घेतलं, ते त्यांना लागलंय मनाला. तू रजा टाकून, तीन गाड्या बदलून आलास आणि हे अंगणात मजेत भोपळ्याला पाणी घालत होते. 'दुखत होतं, तू येणार म्हटल्यावर थांबलं,' म्हणाले. तू चहासुद्धा न घेता गेलास. तुझं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आताही म्हणत नाही. पण त्या खोट्याची शिक्षा ते या खऱ्यात भोगतायत, आणि त्यांच्याबरोबर मी.

आता आजचं.

समारोपाला मोठा पडदा, टेबल, रोपं. मी सकाळभर त्यांना शिकवलं: बाबा, आधी चूक करायचीय, दुधीचं कापायचं. ते म्हणाले, 'वेडी झालीस का, दुधीचं कशाला कापायचं?' आणि मंचावर त्यांनी पहिलंच रोप अचूक कापलं. मी हळूच म्हटलं, सर, आधी चुकीचं. त्यांनी दुसरंही अचूक कापलं. मग तिसरं, चौथं. थांबेनातच. हात असे चालत होते, तू बघायला हवं होतंस. संचालकबाईंचं तोंड उतरलं, त्यांना चूक हवी होती. सभागृह मात्र उभं राहिलं. मी मंचाच्या कडेला रडत होते. लोकांना वाटलं, शिष्या भारावली.

त्या बियाणं बँकेच्या बाईंनी मला बोलावलंय. त्यांच्याकडे, परदेशात, रानटी काकडीच्या कामावर. दोन वर्षं, नंतर पुढेही. सोमवारपर्यंत हो किंवा नाही सांगायचंय. मी तिथल्या तिथे नाहीच म्हणणार होते. त्या म्हणाल्या, 'मला आत्ता सांगू नकोस. आत्ता तू त्यांच्या वतीने सांगशील.'

संध्याकाळी आम्ही निघालो. गाडी मीच चालवते हल्ली. वॉचमनने सलाम केला, गेट मागे पडलं. पण ते बाबा झाले नाहीत. सरच राहिले. ताठ बसून, ऑफिसातल्या आवाजात म्हणाले,

'त्या बाईंनी तुला बोलावलंय, असं कानावर आलं.'

'हो.'

'मग?'

'बघते, सर.' गेटबाहेर मी त्यांना सर म्हटलं. तोंडातून तेच आलं.

'बघायचं काय त्यात? मला तुझ्या वयात कुणी बोलावलं असतं तर मी चपला घालायलासुद्धा थांबलो नसतो. हो सांगून टाक.'

'आणि तुमचं कसं होणार?'

'माझं?' ते हसले. मोकळं हसले. कितीतरी महिन्यांनी. 'माझी सून आहे ना घरी. ती बघते माझं सगळं. गुणी मुलगी आहे. तिला कुठे जायचं नाही.'

मी गाडी कडेला घेतली. इंडिकेटर टिकटिकत राहिला.

'काय झालं?' त्यांनी विचारलं. किती काळजीने विचारलं.

'काही नाही, सर.'

'मग चल बाई. ती वाट बघत असेल.'

घरी आलो. दार मी उघडलं, दिवा मी लावला. त्यांनी मला पाहिलं आणि म्हणाले, 'आलीस? आज उशीर झाला मला.' जेवायला बसल्यावर सांगत होते की ऑफिसातली एक हुशार पोरगी परदेशी चाललीय, बरं झालं, इथे कुजली असती.

हे पत्र लिहायला बसण्याआधी मी त्या बाईंना हो कळवलं. धाडस वगैरे काही नाही. सरांनी सांगितलं, मी केलं. त्यांचं मी कधीच मोडलेलं नाही.

पण घरातलीला कुणी काही सांगितलेलं नाही. तिच्या उशाखाली किल्ली आहे आणि तिला दार उघडून जाता येत नाही. तू आला नाहीस तर ती जाणार नाही, मी कितीही हो कळवलं तरी. हे तुला धमकी म्हणून लिहीत नाही. तिला मी ओळखते म्हणून लिहितेय.

नाटक वाटलं तर वाटू दे. येऊन बघ आणि मग रागाव. त्यांनी तुला ओळखलं नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस. कोण म्हणून विचारलं तर काहीही सांग, फक्त चहा न घेता जाऊ नकोस.

वचन मोडलंय, हे त्यांना सांगू नकोस.

तुझी,
घरी असलेली