यंदाचं लायटिंग

२१ सप्टेंबर, रविवार

बर्डीच्या बाजारात जाऊन लायटिंगच्या माळा आणल्या. विजयादशमी आली आता.

दुकानातच आमचं भांडण झालं. लग्न झाल्यापासून दरवर्षी निळ्या माळा घेतो. मंद, शांत. बाहेर निळा उजेड पडला की आपलं घर वाटतं. यंदा मात्र पायलच्या पप्पांनी पांढऱ्याफेक हातात धरल्या — डोळे दिपवणाऱ्या! दुकानदार हसला, "काकाजी, ये तो शादी के हॉल में लगती है."

"लागू दे," हे म्हणाले. "अंगण साफ दिसलं पायजे."

मी म्हटलं, अंगण कोण पाहते? चिडले. शेवटी दोन्ही घेतल्या.

येताना गल्लीच्या तोंडाशी यांचा पाय नालीत गेला. म्हणे चप्पल सरकली.

२४ सप्टेंबर

चांगलं झालं नाही आज.

शाळेची पोरं घरोघरी सोडून, व्हॅन चौकात लावून हे आले आणि तसेच शिडीवर चढले. आमची गल्ली अरुंद, गाडी आत येत नाही. पायल खालून माळ देत होती. उजेड कमी झाला तसे हे भिंतीवर हात फिरवू लागले. खिळा बोटभर अंतरावर, आणि हे चाचपत होते! पायलला गंमत वाटली. "पप्पा, डोळे मिटून लावून राहिले काय?"

मला हसू आलं नाही.

उतरताना शेवटची पायरी चुकली. कोपर सोलून निघालं. हळद लावताना मी नुसती त्यांच्याकडे पाहत राहिली. हे दुसरीकडेच पाहत होते.

२५ सप्टेंबर

पायल कॉलेजात गेल्यावर दार लावून घेतलं आणि विचारलं. आधी टाळाटाळ. मग सांगितलं.

"दिवसा दिसते. अंधार पडला का नाही दिसत. गेल्या थंडीपासून."

"मग गाडी कशी चालवता?"

"हेडलाइट राहते ना वं समोर."

"आणि बाजूनं कोणी आलं तर?"

यांनी गाडीची किल्ली खिशात टाकली.

दुपारची शाळा. सुटून पोरं घरी सोडेपर्यंत सांज होते, आणि आता तर दिवस लहान होत चालले. त्या गाडीत पहिली-दुसरीतली पोरं बसतात.

"दिवाळीच्या सुट्ट्या लागेपर्यंत चूप राय," म्हणाले. "मले दुसरं येते काय, मेघा? गाडी गेली तर मी कोन?"

यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता.

२६ सप्टेंबर

चूप आहे.

२ ऑक्टोबर, विजयादशमी

सकाळपासून रस्ता पांढऱ्या कपड्यांनी भरलेला. दीक्षाभूमीकडे माणसंच माणसं. खाप्याहून यांचे मोठे भाऊ आले, लहानूभाऊजी. जेवले, पाय पसरून बसले. "लायटिंग झकास केलं गा प्रेमानंद!" म्हणाले. हे हसले. त्या हसण्याकडे पाहवेना.

विहारात वंदनेला गेली. खोटं न बोलण्याचं शील आलं आणि माझे ओठ हललेच नाहीत. शेजारच्या बाईनं वळून पाहिलं.

६ ऑक्टोबर

बळजबरीनं डॉक्टरकडे नेलं. त्यांनी काचेला डोळा लावून पाहिलं, थेंब टाकले, पुन्हा पाहिलं. म्हणे, डोळ्याचा पडदा बाजूबाजूनं वाळत चालला आहे. गेलेलं परत येणार नाही. हळूहळू दिवसाही कमी दिसेल. डॉक्टरांनी वर न पाहताच विचारलं, "काय काम करता?"

हे म्हणाले, "दुकान आहे."

दुकान!



८ ऑक्टोबर, बुधवार

नेहमीसारखा डबा घेतला आणि निघाले. डॉक्टरांनी सांगूनसुद्धा! मी दारात आडवी उभी होती. बाजूनं निघून गेले.

९ ऑक्टोबर, गुरुवार

बाजारात हिमानीची आई भेटली. हिमानी यांच्या गाडीतली, पुढचे दोन दात पडलेली. "भाऊ हायेत म्हनून आमाले घोर नाही बाप्पा," म्हणाली. मेथीची जुडी परत ठेवून मी निघून आली.

संध्याकाळी हे आले तसं तोंड सुटलं माझं. एखाद्याचं लेकरू चाकाखाली आलं म्हणजे डोळे उघडतील का, असं म्हटलं. डोळे! हाच शब्द निघाला तोंडातून. पायल रडायला लागली. हे ताटावरून उठले, अंगणात जाऊन त्या पांढऱ्या माळेखाली बसून राहिले.

मला वाटलं, उलट बोलतील.

११ ऑक्टोबर

निळी माळ बंद पडली. कोणाला काढायचं मन नाही.

ठरवलं. सोमवारी शाळेत फोन करते. नवऱ्याची रोजी मीच बंद करणार. यांनी मला माफ नाही केलं तरी चालेल.

१३ ऑक्टोबर, सोमवार

फोन केला. एका दमात सगळं सांगून टाकलं. शाळेच्या मोठ्या मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, प्रेमानंदभाऊंनी तर बुधवारीच स्टेअरिंग सोडलं. स्वतः येऊन सगळं सांगितलं. गाडी आता साहिल नावाचा ड्रायव्हर चालवतो. भाऊ मागे मुलांजवळ बसतात, चढता-उतरताना हात धरतात. घरी मीच सांगीन, जराशी हिंमत येऊ द्या, म्हणाले होते."

बुधवारी. आणि मी बोलली गुरुवारी.

संध्याकाळी चौकात जाऊन उभी राहिली. व्हॅन आली. हे मागच्या दारातून उतरले, डबा सांभाळत. मी दोन हातांवर होती, अगदी समोर. सरळ माझ्याकडे पाहत आले — आणि मी त्यांना दिसली नाही.