थोरल्या मास्तरांचा गोल

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नाही, म्हणून अर्धाच घातला आहे, पूर्ण धरून घे.) तुझी साखर कशी आहे? वहिनी गोड देत नसतील आणि तू चोरून खात असशील, हे गृहीत धरून पुढे लिहितो.

मुख्य बातमी अशी की आपल्या टेलरिंगच्या दुकानाचं वेबपेज झालं आणि त्यावर माणसांचे सगळे फोटो गोल आहेत. बशीसारखे गोल! आणि ते मी केले, तुझ्या धाकट्या भावाने, ज्याला तू कितीतरी वर्षं मोठ्या कात्रीला हात लावू दिला नाहीस. पेज मांडलं सूनबाईने, पण फोटो तिने चौकोनीच ठेवले होते, ओळखपत्रं वाळत घातल्यासारखे. मी म्हटलं, ऊठ, मी बघतो. पेजच्या कोडमध्ये 'बॉर्डर-रेडियस पन्नास टक्के' अशी एक ओळ असते, ती चारही कोपरे गोलवते. लिहिली. फोटो उभा होता, त्यामुळे आपले काजं-बटणं करणारे काका अंडं झाले. (टक्कल असल्यामुळे फारच हुबेहूब झाले. अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.) मग डोक्यात प्रकाश पडला की लांबट कापडाचे कोपरे गोलवले तर ते लांबटच राहणार, घेरदार झगा बेतताना तू हेच तर ओरडायचास. म्हणून रुंदी-उंची सारखी केली. गोल झाला, पण आतला फोटो दाबला गेला आणि आमच्या हिचे गाल दोन्हीकडे पसरले. त्या दिवशी जेवण मी हाताने वाढून घेतलं. शेवटी सापडली 'ऑब्जेक्ट-फिट: कव्हर' ही ओळ. म्हणजे काय, तर ताणू नकोस, दाबू नकोस, मापात बसव आणि कडेचं उरलेलं कापून टाक. अरे, हे तर आपण जन्मभर करतोय! सूनबाई बघतच राहिली. "बाबा, हे मी ऑफिसात दाखवणार," म्हणाली. मी "त्यात काय एवढं" म्हटलं खरं, पण सदरा छातीत सैल करून घ्यावा लागणार आहे.

आता एकच बारीकसा घोळ आहे. पहिला गोल अर्थातच तुझा. पण तुझा एकट्याचा फोटोच नाही. दर वेळी तू सगळ्यांच्या कॉलरी सरळ करत फिरायचास आणि ऐनवेळी धावत येऊन कडेला उभा राहायचास. आणि कडेचं तर कापलं जातं. दुकान उघडलं त्या दिवशीचा फोटो लावला, तर मधोमध आपला बिनडोक्याचा पुतळा आला आणि खाली नाव, 'थोरले मास्तर'. एक जुन्या गिऱ्हाईक बाई म्हणाल्या, "मास्तर फारच खंगले हो!" दुकानभर हशा झाला. मीही हसलो. पण तू लेकीकडे राहायला गेलास त्याला किती दिवस झाले, ते तेव्हा एकदम जाणवलं आणि वाईट वाटलं. तुझ्या कटिंगच्या टेबलावर मी अजून कुणाला काही ठेवू देत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
धाकटा मास्तर

ता. क. लेकीच्या मोबाइलवर फोटो काढून पाठवू नकोस. तिथे तुझी कॉलर कोण नीट करणार? तो राखाडी कोट घेऊन ये, तुझ्या टेबलामागे उभा राहा, मी काढतो. राहायच्या तयारीने ये.

आणखी ता. क. सूनबाई फोनवर सांगून टाकेल, त्याआधी मीच सांगतो. 'ऑब्जेक्ट-पोझिशन' नावाची आणखी एक ओळ असते. ती लिहिली की कडेचा माणूस घरबसल्या गोलाच्या मधोमध येतो. मला ती पाठ आहे. लिहिणार नाही.