दंडाचं माप

प्रिय रागिणी,

आधी घरची खबर. तुझ्या काळ्या शेळीला दोन पिल्लं झाली, दोन्ही माद्या. तूर फुलावर आली. माय बरी आहे. तू जवळा बाजारला माहेरी गेलीस त्याला आठ महिने झाले. फोनवर आपण पाऊसपाणी बोलतो अन् ठेवून देतो. सांगायचं ते तोंडातून निघतच नाही, म्हणून लिहून राहिलो.

मी सेनगावच्या जिमला जायचो तेव्हा तू रोज सकाळी सहा अंडी उकडून द्यायचीस. शिलाईचा टेप घेऊन माझा दंड मोजायचीस. अर्ध्या इंचानं वाढला तरी माझ्याहून तूच जास्त खूश. एवढ्या अंगाच्या गड्यात काही उणं असेल, असं मला कधी वाटलंच नाही. चार वर्षं लेकरू झालं नाही तेव्हा तीन दवाखान्यांत तुलाच नेलं. तिन्हीकडं सांगितलं, बाईत दोष नाही, नवऱ्याला तपासा. मी तुला म्हणालो, "माझ्याकडं बघून तसं वाटतं का?" माय तुला नाही नाही ते बोलायची, मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. पंचफुलामावशीकडच्या बारशात तुला पाळण्याला हात लावू दिला नाही, तेव्हा मी बाहेर ओट्यावर बसून होतो. दुसऱ्या दिवशी तू पिशवी भरलीस.

तू गेल्यावर महिन्याभरानं मी एकटाच हिंगोलीला जाऊन तपासून आलो. बीज शून्य निघालं. डॉक्टरांनी व्यायामाचं विचारलं, मी ताठ होऊन सांगितलं. मग त्यांनी विचारलं, नुसता व्यायाम, का सुयाही? तुझ्यापासून चार वर्षं लपवलेलं तिथं सांगावं लागलं. अंग भरावं म्हणून जिमवाला दर आठवड्याला पुरुषी हार्मोनचं इंजेक्शन द्यायचा. डॉक्टर म्हणाले, व्यायामानं बिघडलं नाही, बेताचा व्यायाम चांगलाच. पण ते हार्मोन बाहेरून येऊ लागलं की शरीर आपलं बनवणं थांबवतं, बीजही थांबतं. सुया बंद करा, औषध घ्या, धीर धरा.

त्याच दिवशी बंद केल्या. आता सकाळी थोडं पळतो, दिवसभर मेंढरांमागं चालतो. दंड उतरले, शर्ट ढगळ झालेत. परवाच्या रिपोर्टात थोडं बीज दिसलं. डॉक्टरांनी खात्री दिली नाही, मीही तुला देत नाही.

पण पत्र त्यासाठी नाही. काल जेवताना मी मायला सगळं सांगितलं. म्हटलं, दोष माझा होता, रागिणीचा कधीच नव्हता. मायनं ताट बाजूला सारलं. म्हणाली, "त्या पोरीला मी काय काय बोलले रे." मंगळवारी आम्ही दोघं तिकडं येतोय. तुला न्यायला नाही. तुझ्या आईबाबांसमोर, भावकीसमोर हे मला माझ्या तोंडानं सांगायचंय. यायचं का नाही ते त्यानंतर तू ठरव. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही. तुझ्यावरचा बोल मात्र त्या दिवशी उतरवूनच परत जाईन.

तू म्हणशील तर अजूनही तुझाच,
परमेश्वर